फिरते घर आणि गावचा थांबा
लहान मुलांसह निसर्गदर्शन : सोलापूर परिसराचा एक अभ्यास

सोलापूरहून पुण्याकडे निघाले म्हणजे मोहोळच्या अलीकडे चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली, आणि त्यानंतर राज्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांपैकीच ही एक होय. बोलण्यात तिचे नाव ‘चिंचोळी एमआयडीसी’ असेच रूढ आहे. पुणे ते मछलीपट्टण हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ तिला लागून जातो. याच महामार्गाला पूर्वी क्रमांक ९ म्हणत असत. कारखान्यांच्या पाळ्या, मालमोटारींची ये-जा आणि रस्त्याकडेची चहाची टपरी हे येथील नित्याचे दृश्य आहे. या वसाहतीपासून फार दूर नसलेल्या माळावर भारतातील सर्वांत दुर्मीळ पक्ष्यांपैकी एकाचे अभयारण्य आहे, ही गोष्ट या रस्त्याने जाणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसते. वसाहतीतील कामगारांच्या मुलांनाही ती क्वचितच सांगितली जाते.

राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. पर्यटकांना घेऊन फिरणारी कॅराव्हॅन आणि ती उभी करण्यासाठी लागणारा कॅराव्हॅन पार्क, अशा दोन्ही अंगांचा विचार त्यात केलेला आहे. त्यापूर्वी २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आले होते. या दोन धोरणांमुळे, जेथे हॉटेले नाहीत, विश्रामगृह नाही, अशा गावांच्या शिवारातही कुटुंबे मुलाबाळांसह मुक्कामाला येऊ लागतील, अशी अपेक्षा आहे. ही कुटुंबे येतील तेव्हा त्यांना कोणता थांबा मिळेल, त्या थांब्यामुळे मुलांचे आणि गावाचे काय होईल, याचा विचार अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी आधीच केलेला बरा. प्रस्तुत लेखात चिंचोळी हे प्रस्थानाचे ठिकाण धरून तो विचार मांडला आहे.

चाकांवरचे घर : नवे नाव, जुनी रीत

कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची, पाणी साठविण्याची व शौचाची सोय असलेली मोटार. काही कॅराव्हॅन स्वतःच्या इंजिनावर चालतात, तर काही दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढल्या जातात. शब्दाचे मूळ फारसी ‘कारवान’ मध्ये आहे. व्यापाऱ्यांचा किंवा यात्रेकरूंचा तांडा असा त्याचा अर्थ. युरोपात करमणुकीसाठी असे घर घेऊन फिरण्याची प्रथा रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातील निवृत्त डॉक्टरने १८८५ साली घोड्यांनी ओढलेल्या ‘वाँडरर’ नावाच्या गाडीतून ब्रिटनमध्ये दूरवर प्रवास केला. पुढे १९०७ मध्ये तेथे कॅराव्हॅन बाळगणाऱ्यांचा क्लबही स्थापन झाला.

आपल्याकडे मात्र घर बरोबर घेऊन फिरणे ही हौस नव्हती, ती उपजीविका होती. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो मैल जात. लग्नकार्याला वा जत्रेला जाणारी कुटुंबे दमणीत किंवा छपराच्या गाडीत मुले, शिदोरी व पाण्याची घागर घेऊन निघत आणि विहिरीच्या काठी, झाडाच्या सावलीत बैल सोडीत. गाडी कोठे सोडावयाची हे घरातील वडीलधारी माणसे निघण्यापूर्वीच ठरवीत. पाणी, सावली आणि ओळखीचे गाव या तीन गोष्टी पाहून तो निर्णय होई.

आजही आपल्या डोळ्यांसमोर घर घेऊन फिरणारी कुटुंबे आहेत. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या याच रस्त्यांवरून जातात. भांडीकुंडी, कोंबड्या, शेळ्या आणि त्यांच्यावर बसलेली लहान मुले असा तो संसार असतो. या मुलांनाही रात्री कोठे तरी थांबावे लागते. त्यांना पाणी, उजेड व आडोसा मिळतो की नाही, हा प्रश्न कॅराव्हॅनमधील पाहुण्यांच्या प्रश्नापेक्षा अधिक निकडीचा आहे. म्हणूनच पुढे ज्या थांब्याची कल्पना मांडली आहे, ती केवळ पर्यटकांपुरती मर्यादित नाही.

लहान मुले आणि निसर्ग

लहान मुलांना निसर्ग दाखवावयाचा म्हणजे त्यांना जास्तीत जास्त ठिकाणे दाखवावयाची, अशी एक समजूत आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती फारशी उपयोगी पडत नाही. त्या वयात मूल जवळचे पाहते. मोठ्या धबधब्यापेक्षा त्याला पायाशी चाललेला शेणकिडा अधिक खरा वाटतो. पहिल्या पावसानंतर निघणारा मखमलीसारखा लाल मृगाचा किडा, बाभळीला लोंबकळणारी सुगरणीची घरटी, खिशात भरता येतील असे मुरमाचे खडे, यांत ते तासभर रमते. त्याला घाईने गाडीत बसविले तर ते फक्त गाडी पाहते.

यातून प्रवासाचे दोन नियम निघतात. एक, दिवसाला एकच ठिकाण ठेवावे आणि सलग गाडी चालविण्याचा काळ दोन तासांच्या पुढे नेऊ नये. दुसरा, पाहण्याच्या वेळा सकाळच्या व संध्याकाळच्या ठेवून दुपार सावलीत विश्रांतीला द्यावी. फिरत्या घराचा खरा लाभ येथे आहे. मूल झोपले तर त्याला अंथरूण आहे, भूक लागली तर घरचा भात आहे. बसगाडीच्या सहलीत वेळापत्रकापुढे मुलाचे काही चालत नाही. फिरत्या घरात वेळापत्रक मुलाला सांभाळून आखता येते.

ज्यांच्याजवळ कॅराव्हॅन नाही, आणि बहुसंख्य वाचकांजवळ ती नसणारच, त्यांनी भाड्याची जीप किंवा टेंपो घेऊन, सतरंजी, स्टोव्ह व पाण्याचे कॅन बरोबर ठेवून हीच आखणी पाळली तरी चालते. शाळेच्या सहलीलाही ती लागू आहे.

पहिला थांबा : नान्नजचा माळ

चिंचोळीहून सोलापूरला येऊन बार्शी रस्त्याने उत्तरेकडे निघाल्यास नान्नज लागते. माळढोक पक्ष्याच्या रक्षणासाठी १९७९ साली येथे अभयारण्य घोषित झाले. पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव त्यास दिलेले आहे. सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर, या जिल्ह्यांतील मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात घेतले होते. शेती, वस्त्या आणि गावठाणेही त्यात आल्यामुळे जमिनीचे व्यवहार व विकासाची कामे अडू लागली, आणि गावकऱ्यांच्या मनात त्या पक्ष्याविषयी नाराजी निर्माण झाली. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. निसर्गाचे रक्षण लोकांना बरोबर घेतल्याशिवाय टिकत नाही, हा या इतिहासाचा धडा पंचायत सदस्यांनी अवश्य लक्षात ठेवावा.

माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत वजनदार पक्षी. नर १५ किलोपर्यंत भरतो आणि उभा राहिला म्हणजे सुमारे एक मीटर उंच दिसतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. समोरचे नीट न दिसण्याच्या दृष्टिदोषामुळे तो विजेच्या तारांवर आदळून मरतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०११ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त जातींत केली. साऱ्या देशात मिळून तो दीडशेच्या आसपास उरला असल्याचे मानले जाते, आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला तो दिसणे ही आता अत्यंत दुर्मीळ गोष्ट झाली आहे. मुलांना हे आधीच सांगावे. माळढोक दाखवितो असे वचन देऊन त्यांना आणू नये.

मग येथे मुलांनी पाहावयाचे काय? माळ पाहावयाचा. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, तोही अनियमित पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात मुरमाड जमिनीवर गवत कसे तग धरते, हे पाहण्याजोगे आहे. कुसळी गवताच्या बीजाला लांब पीळदार शेपूट असते. ओल लागली म्हणजे तो पीळ सुटू लागतो आणि बीज गिरमिटासारखे जमिनीत शिरते. मुलाच्या मोज्याला टोचलेले कुसळ बशीत ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. ते वळू लागलेले पाहिले म्हणजे बीजप्रसाराचा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. पहाटे काळविटांचा कळप दिसू शकतो. चंडोल गात गात आकाशात चढतो. धाविक पक्षी थोडे पळून थांबतो, पुन्हा पळतो. हिवाळ्यात भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खाली तरंगत जातात. खोकड आणि लांडगा हेही याच माळाचे रहिवासी आहेत.

आपल्या बोलण्यात माळ म्हणजे पडीक जमीन. जेथे झाडे नाहीत तेथे काहीच नाही, असे आपण धरून चालतो. त्यामुळे कोणी तेथे खड्डे खणून झाडे लावतो, कोणी दगड-मुरूम काढतो, कोणी कचरा टाकतो. ज्या मुलाने सात वर्षांचे असताना माळावर चंडोल ऐकला आहे, ते पुढे सरपंच झाले अथवा अधिकारी झाले, तर त्या जमिनीचा उतारा निराळ्या नजरेने वाचील.

अभयारण्यात जाताना वनखात्याची परवानगी घ्यावी, ठरवून दिलेल्या वाटेनेच जावे, आणि रात्रीचा मुक्काम अभयारण्याबाहेर गावाच्या जागेत करावा. पाळीव कुत्रे बरोबर आणू नये. गाडी वाट सोडून गवतात घालू नये, कारण जमिनीवरचे अंडे चालकाला दिसत नाही.

दुसरा थांबा : हिप्परग्याचा तलाव

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर शहराच्या ईशान्येस हिप्परग्याचा तलाव आहे. एकरूख तलाव हे त्याचे दुसरे नाव. अदिला नदीवर मातीचा बांध घालून तो १८७१ साली पूर्ण झाला. दुष्काळी मुलुखात सिंचनासाठी घेतलेल्या जुन्या कामांत त्याची गणना होते, आणि सोलापूर शहराच्या पाणीपुरवठ्यातही त्याचा वाटा राहिलेला आहे. हिवाळ्यात उथळ काठावर बदके, बगळे, शेकाट्या व इतर पाणपक्षी दिसतात.

मुलांना येथे एक साधा प्रश्न द्यावा. मागच्या वर्षी पाणी कोठवर आले होते? काठच्या चिखलाच्या रेषा, वाळलेले शिंपले, झाडाच्या खोडावरील खुणा यांवरून मूल ते शोधून काढते. पर्जन्यमान हा शब्द त्याला पुढे पुस्तकात भेटेल, तेव्हा त्याच्यामागे एक तलाव उभा असेल. पाण्याजवळ मात्र एका मुलामागे एक मोठे माणूस हा नियम कडक पाळावा. गाळाचा काठ वरून घट्ट दिसला तरी आत पाय रुततो.

तिसरा थांबा : नळदुर्ग

तुळजापूरवरून पुढे नळदुर्गला जाता येते. हे गाव धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आहे. भुईकोट किल्ल्याच्या कडेने बोरी नदी वाहते. नदीच्या पात्रात बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधलेला आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमाराचे हे काम. पावसाळ्यात नदी भरली म्हणजे बांधावरून दोन धबधबे कोसळतात, त्यांना ‘नर’ आणि ‘मादी’ अशी नावे आहेत. पाणी डोक्यावरून जात असताना आतील महाल कोरडा राहतो, ही रचना मोठ्यांनाही विचार करावयास लावते.

ज्या काळ्या दगडावर हा किल्ला उभा आहे, तो दख्खनचा बसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वाहिलेल्या लाव्हारसाचा तो थर आहे. किल्ल्याचा चिरा, शेताचा बांध, पाटा-वरवंटा आणि पायाखालचा मुरूम हे सारे एकाच खडकाचे निरनिराळे अवतार आहेत, हे मुलांना हातात खडे देऊन दाखविता येते. पाऊस चालू असताना दगडी पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. धबधब्याचे दर्शन लांबूनच घ्यावे.

नळदुर्गहून सोलापूरमार्गे चिंचोळीला परतले म्हणजे एकूण सुमारे २०० किलोमीटरचा फेरा होतो. तीन दिवस आणि दोन मुक्काम त्यास पुरेसे आहेत.

उजनीची वेगळी सहल

मुले थोडी मोठी असली, तर चिंचोळीहून उलट दिशेने, म्हणजे मोहोळ, टेंभुर्णीमार्गे उजनीकडे जावे. भीमा नदीवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. जलाशयाचे फुगवट्याचे पाणी पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत पसरते. तेथील उथळ भागात हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत रोहित पक्षी येतात. मान खाली वाकवून, चोच उलटी धरून ते पाणी गाळून खातात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही येथे दिसतात. पाणी ओसरले म्हणजे पळसदेवचे बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते. या पाण्याखाली गावे गेली आहेत, माणसे उठून दुसरीकडे वसली आहेत, हेही मुलांना सांगावे. होडीत बसविताना प्रत्येक मुलाच्या अंगात त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट असल्याची खात्री करावी. जाकीट नसेल तर काठावरूनच पक्षी पाहावेत.

वाहन आणि मुलांची सुरक्षितता

फिरते घर चालू असताना ते वाहन असते आणि उभे राहिले म्हणजे घर होते. हा फरक न पाळल्यामुळे धोके उद्भवतात.

गाडी चालू असताना कोणीही पलंगावर झोपू नये अथवा ओट्यापाशी उभे राहू नये. मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलास सुरक्षा पट्टा किंवा मुलांसाठीची बंधनव्यवस्था लावणे आवश्यक असून, तसे न केल्यास १,००० रुपये दंड आहे. लहान बालकाला मांडीवर घेऊन बसणे हे प्रेमाचे असले तरी ब्रेक जोरात लागला असता त्याला हातांनी धरून ठेवणे अशक्य होते.

निघण्यापूर्वी गॅसच्या टाकीची झडप बंद करावी. स्वयंपाक करताना खिडक्या उघड्या असाव्यात. वातानुकूलन यंत्रासाठी इंजिन किंवा जनित्र रात्रभर चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच प्राण जाऊ शकतो.

सोलापूर परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जाणे नित्याचे आहे. लहान मुले असलेल्या कुटुंबांनी हे दोन महिने टाळावेत. उभ्या गाडीत मुलाला एकटे पाच मिनिटेही ठेवू नये. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी रोज किमान पाच लिटर पाणी बरोबर असावे.

पावसाळ्यात गाडी काळ्या रानात घालू नये. एका सरीनंतर ती रुतते आणि निघत नाही. मुरमाची उंच जागा पाहावी. नदी-ओढ्याच्या पात्रात अथवा पुलाच्या अंगाला मुक्काम करणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने सोलापूर जिल्ह्यातील माढा, मोहोळ आदी तालुक्यांत अपरिमित हानी केली. दुष्काळी जिल्हा म्हणून नदीला गृहीत धरू नये, हे त्या पुराने दाखवून दिले. आपल्या गावात पाऊस नसला तरी वरच्या भागातील पाण्याने नदी रात्रीत चढते.

उरलेल्या भाकरीचा प्रवास

वरवर पाहता मुक्कामाची जागा आणि माळावरचा पक्षी यांचा परस्परांशी संबंध दिसत नाही. तो असा आहे. एखादे कुटुंब माळाच्या कडेला रात्रभर थांबते. सकाळी उरलेली भाकरी, भात, फळांच्या साली तेथेच टाकून निघून जाते. दुसऱ्या दिवशी दुसरे कुटुंब तेच करते. महिन्याभरात मोकाट कुत्री आणि कावळे त्या जागी येऊ लागतात. अन्न मिळते म्हणून त्यांची संख्या वाढते. पाहुणे आले नाहीत त्या दिवशी हीच कुत्री व कावळे माळावर पांगतात आणि जमिनीवरची अंडी व पिले खातात. धाविक, चंडोल, टिटवी, माळढोक या साऱ्यांची घरटी जमिनीवरच असतात. ज्या पक्ष्याला वर्षात बहुधा एकच अंडे घालावयाचे आहे, त्याचे एक अंडे गेले म्हणजे ते वर्षच गेले.

मैलापाण्याचेही तसेच. गाडीतील शौचकूपाची टाकी दोन-तीन दिवसांत भरते. रिकामी करण्याची जागा नसेल तर ती रात्री ओढ्यात मोकळी होते, आणि त्याच ओढ्याच्या कडेला गावाची पाणीपुरवठ्याची विहीर असते. त्या पाण्याने आजारी पडणारी पहिली माणसे म्हणजे गावातील लहान मुले. अशा रीतीने एका कुटुंबाच्या मुलांचा आनंद दुसऱ्या कुटुंबाच्या मुलांच्या दुखण्याला कारण होऊ शकतो. कुटुंबे वाईट असतात म्हणून हे घडते असे नाही. थांब्याला जागा नेमून दिलेली नसते, म्हणून घडते.

ग्रामपंचायतीने काय करावे

थांबा तयार करणे हे फार खर्चाचे काम नाही. ज्या गावाच्या हद्दीत माळ, तलाव किंवा किल्ला आहे, तेथील ग्रामपंचायतीने पुढील गोष्टी कराव्यात.

१. महामार्गापासून आत, परंतु वस्तीच्या नजरेत असलेली मुरमाची उंच जागा निश्चित करावी. गायरान, ओढ्याचे पात्र आणि अभयारण्याचे क्षेत्र त्यासाठी घेऊ नये. ग्रामसभेत जागेची चर्चा व्हावी.

२. पिण्याच्या पाण्याचा नळ, स्त्रिया व पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि एक दिवा एवढ्या सोयी कराव्यात. दिव्याचा झोत जमिनीकडे ठेवावा.

३. मैलापाण्यासाठी झाकणबंद शोषटाकी बांधून ती उपसण्याची व्यवस्था ठरवावी. सांडपाण्यासाठी शोषखड्डा पुरेसा आहे.

४. उष्टे अन्न टाकण्यासाठी झाकणाचा खड्डा करावा. त्याचे खत गावाच्या उपयोगी पडेल.

५. माफक शुल्क आकारून पावती द्यावी आणि ते पैसे थांब्याच्या देखभालीसाठी वेगळे ठेवावेत. दूध, भाकरी, हुरडा, भाजीपाला पुरविण्याचे काम गावातील महिला बचत गटाकडे द्यावे.

६. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिने तयार करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीतील माहिती साध्या मराठीत फलकावर लावावी. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात अंडी घालतो व कोणती वाट तेव्हा बंद राहील, हे त्यावर असावे.

७. ऊसतोडणीच्या हंगामात हाच थांबा कामगारांच्या कुटुंबांना विनाशुल्क खुला ठेवावा. वारीच्या दिवसांत तो वारकऱ्यांच्या उपयोगी पडेल.

शेवटचा मुद्दा काहींना अनावश्यक वाटेल. परंतु पाण्याचा नळ वर्षातून दहा दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी बसविला तर तो अकराव्या दिवशी बिघडतो. ज्याचा उपयोग पुष्कळांना आहे, त्याची दुरुस्तीही होते. संत गाडगेबाबांच्या नावाने राज्यात २००० सालापासून चाललेल्या ग्रामस्वच्छता अभियानात ज्या गावांनी भाग घेतला, त्यांना हा अनुभव नवा नाही.

शिक्षकांचा वाटा

गावचा शिक्षक हा या कामातील महत्त्वाचा दुवा होय. बाहेरून आलेल्या कुटुंबाला माळाची माहिती सांगावयास गावात वाटाड्या लागतो. शाळेतील पाचवी-सहावीची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम उत्तम करू शकतात. मात्र त्यासाठी त्यांनी तो माळ प्रथम स्वतः पाहिला पाहिजे. दर महिन्याच्या एका शनिवारी सकाळी वर्ग माळावर न्यावा. दिसलेले पक्षी, फुललेले गवत, तलावाची पातळी यांची वही ठेवावी. तीन-चार वर्षांत ती वही गावाचा एक मौल्यवान दस्तऐवज होईल.

चिंचोळीसारख्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील शाळांना हे विशेष लागू आहे. येथील कित्येक कुटुंबे कामासाठी दुसऱ्या तालुक्यांतून, दुसऱ्या राज्यांतून आलेली असतात. त्यांच्या मुलांना आजोळचे शिवार माहीत असते, राहत्या जागेचे नसते. कारखान्यांच्या साप्ताहिक सुटीला एखादी गाडी भाड्याने करून आठ-दहा कुटुंबांनी मुलांसह नान्नज किंवा हिप्परगा पाहून यावे. कामगार कल्याणाच्या कार्यक्रमांत अशा सहलींना स्थान देता येण्याजोगे आहे. सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याइतकेच ते अंतर आहे.

कॅराव्हॅनचे धोरण राज्याने केले आहे, वाहने खासगी उद्योजक आणतील, रस्ता तर आहेच. आता उरते ते प्रत्येक गावाच्या हद्दीत एक बरी जागा ठरविणे, तेथे पाणी आणि स्वच्छतागृह देणे, आणि आपल्या माळाची माहिती लिहून लावणे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेण्यास कोणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही. हिवाळी पाहुणे पक्षी दिवाळीनंतर येऊ लागतात आणि उसाच्या गाड्याही त्याच सुमारास निघतात. दोहोंच्या आधी जागा तयार झाली, तर माळावरून येणाऱ्या कोणत्याही मुलाला त्या रात्री अंधारात आणि पाण्यावाचून राहावे लागणार नाही.